दोन माणसांची वाफ

क्रेन लेक, मॅनिटोबा
१७ नोव्हेंबर १९८५

प्रिय ऑरेस्ट,

लेनाला जाऊन वर्ष होईल आता. तेव्हा तू पाठवलेलं पत्र मी जपून ठेवलंय, पण उत्तर दिलं नाही. कुणालाच दिलं नाही, तेव्हा तू एकट्यानेच रुसून बसू नकोस.

विनिपेगचं घर मी भाड्याने दिलं. दोन माणसांचं घर एकट्याला खायला उठतं. इथे तळ्याकाठी उन्हाळ्यात लोक तंबू आणि ट्रेलर घेऊन येतात, त्या जागेच्या मालकाला हिवाळ्यापुरता राखणदार हवा होता. खोल्यांच्या छपरांवरचा बर्फ ओढायचा, नळ फुटले नाहीत ना ते बघायचं. राहायला मी आपलं अंडं, तो फायबरचा ट्रेलर, ओढून आणलंय. तेच ते, कारखान्यात ज्याचं कवच तू साच्यात घातलंस आणि कपाटं मी बसवली. मालकाने खांबावरून विजेची तार दिलीय. तिच्यावर एक हीटर आणि एक शेगडी चालते.

आता कामाचं बोलतो. सकाळी उठावं तर भिंतींवरून पाण्याच्या धारा. गादी खालून ओली. कपाटामागे हात घातला तर बर्फाचा पापुद्रा हाताला लागतो. रिव्हेटच्या डोक्यांवर पांढरी बोंडं धरतात आणि हीटर लावला की वितळून थेट तोंडावर ठिबकतात. मी आणि लेना या ट्रेलरमधून इतके उन्हाळे हिंडलो, असं कधी झालं नाही. कवच कुठे तडकलं असेल का? मधला जोड सुटला असेल का? मी लाकडाचा माणूस. फायबरमधलं तुला कळतं.

तुझी छाती कशी आहे? स्टेफाला माझा नमस्कार सांग.

आणि मी इथे आहे हे गावभर करू नकोस. लोक विचारपूस करायला येतात आणि डोकं खातात.

तुझा,
कॉर्नी


पेंटिक्टन, ब्रिटिश कोलंबिया
२९ नोव्हेंबर १९८५

कॉर्नी, म्हाताऱ्या,

वर्षभर गप्प बसलास आणि तोंड उघडलंस ते माझ्या कामात खोट काढायला. माझा जोड सुटला म्हणे. अरे, वरचं अर्धं आणि खालचं अर्धं एकावर एक ठेवून आतून काचेच्या चटईचे थर मी स्वतः रेझिनमध्ये भिजवून बसवलेत. छातीची वाट त्यानेच लागली. तो जोड तुझ्या-माझ्या नंतरही राहील.

गळत काही नाहीये. ते पाणी बाहेरून येत नाही, तुझ्या नाकातोंडातून येतं. झोपेत माणूस पेलाभर पाणी श्वासावाटे सोडतो. वर तुझी कॉफी, सूप, ओले मोजे. घरात ही वाफ लाकडात, पडद्यांत, माळ्यावर जिरून जाते. अंड्यात जायचं कुठे? कवच पाव इंचाचं, आतून पातळ फोमचं अस्तर, आणि बाहेर वजा तीस. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात म्हणून तुला कधी कळलं नाही.

आता ऐक आणि आपलं डोकं मध्ये चालवू नकोस. एक, काचलोकर भरू नकोस. ती पाणी पिऊन बसते आणि मागे बुरशी धरते. बंद पेशींचा फोम मिळतो, तो कवचाला असा चिकटव की मागे हवेला बोटभरही जागा राहणार नाही. जागा राहिली की वाफ तिथेच शिरून गोठते. रिव्हेट म्हणजे कवचाला पाडलेली भोकं, थंडी त्या धातूतून सरळ आत येते. प्रत्येक डोक्यावर फोमची चकती लाव. गादीखाली पट्ट्या ठोक, खालून हवा खेळू दे. आणि छताची खिडकी बोटभर उघडी ठेव. तू म्हणशील, गरम हवा निघून जाते. जाऊ दे. वाफही तिच्याबरोबर जाते.

गॅसची शेगडी आत पेटवू नकोस. गॅस जळला की त्याचंही पाणीच होतं. शिवाय बंद अंड्यात सकाळी उठशील का याचा भरवसा नाही. आणि कपाटं काढायच्या भानगडीत पडू नकोस. ती तू नुसती शोभेला बसवलेली नाहीत, छप्पर त्यांच्यावर उभं आहे. कवचाला आत दुसरा सांगाडाच नाही.

इथे थंडी म्हणावी अशी नाही. मी खिडकीत बसून सफरचंदाची झाडं मोजतो आणि खोकतो. स्टेफा म्हणते, तुला भेटायला बोलाव. येतोस का?

ऑरेस्ट


क्रेन लेक
२२ डिसेंबर १९८५

प्रिय ऑरेस्ट,

सांगितलंस तसं सगळं केलं. फोम दुकानातून मागवला. दुकान इथून मैलभरावर आहे, तेच पोस्ट आणि तिथेच टेलिफोन. चकत्या कापून प्रत्येक रिव्हेटवर लावल्या. आता आतून अंड्याला देवी आल्यासारखं दिसतं. तोंडावर ठिबकायचं थांबलं. गादीही कोरडी असते.

पण पाणी अजून बरंच आहे. सकाळी फडका फिरवून बादलीत पिळतो, दुपारी परत. छताची खिडकी उघडी आहे, तरी. आणखी काय करावं?

दुसरं असं, की पुढचं बाक आहे ना, त्याचं वर-खाली असं दोन झोपायच्या फळ्यांत रूपांतर करता येईल का? बाकाच्या पाठीची फळी वर उचलून अडकवली तर भिंत तेवढं वजन पेलेल का, की जमिनीपर्यंत पाय द्यावे लागतील? मध्ये पडदाही लावावा म्हणतो. पडद्यामागे हवा कोंडून परत बर्फ धरेल का तेही सांग.

नाताळ जवळ आला. लेनाच्या हातचे दुमजली झ्वीबाक पाव नाहीत, दुकानातला पाव आहे. मुलाकडे, वॉरनकडे जाणार नाही. त्याचं आणि बायकोचं, ग्वेनचं बिनसलंय. ती ओंटारिओत मावशीकडे गेली म्हणतात. अधिक मला माहीत नाही.

बरा आहे.
कॉर्नी


पेंटिक्टन
१९ जानेवारी १९८६

कॉर्नी,

उशीर झाला. नाताळानंतर दोन आठवडे हॉस्पिटलात होतो. नळ्या घालून छातीतलं पाणी काढलं. बघ, तुझं अंडं आणि माझी छाती, दोन्हीकडे एकच तक्रार.

पडून पडून मला एकच उद्योग होता, तुझं पत्र. स्टेफाला मी म्हटलं, हा मला बनवतोय. ती म्हणाली, झोप. पण मला झोप येईना. एका माणसाच्या श्वासाचं पाणी किती हे मला ठाऊक आहे. गॅस तू लावत नाहीस. छताची खिडकी उघडी. फोम नीट बसलाय, नाहीतर गादी सुकली नसती. मग दिवसातून दोनदा बादलीत पिळण्याइतकं पाणी आणतोस कुठून? तू काय घोडा आहेस?

वर तुला दुसरी झोपायची फळी हवी. आणि पडदा. एकटा माणूस पडदा कुणापासून लावतो रे?

तिथे दोन माणसांची वाफ आहे, कॉर्नी टेव्स. आता बऱ्या बोलाने सांग, कोण आहे ती? दुकानवाली का? की तळ्यापलीकडची कुणी विधवा, जी तुझ्यासाठी सूप उकळवते? लाजू नकोस. लेना गेली त्याला वर्ष उलटलं. ती स्वतः मला एकदा म्हणाली होती, हा माणूस एकटा राहिला तर मोजेसुद्धा धुणार नाही. तुला कुणी मिळालं असेल तर मला बरंच वाटेल.

फळीला जमिनीपर्यंत पाय दे. कवचात नवी भोकं पाडू नकोस. पडदा भिंतीपासून हातभर अलीकडे लाव आणि खाली वर मोकळा सोड.

नाव कळव. स्टेफाने पैज लावलीय.

ऑरेस्ट


क्रेन लेक
१० फेब्रुवारी १९८६

ऑरेस्ट,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. मग तिला वाचायला दिलं, तीही हसली, आणि हसल्यावर जबडा धरून बसली. म्हणून आता तुला खरं सांगतो. ती म्हणाली, सांगा.

ती ग्वेन आहे. माझी सून.

ऑक्टोबरात ती माझ्या दारात आली तेव्हा तिचा जबडा तारेने बांधलेला होता. हॉस्पिटलातून बाहेर पडून घरी न जाता सरळ माझ्याकडे. बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहून दाखवलं, 'वॉरन'. मी म्हटलं, काय झालं वॉरनला? त्याला अपघात झाला असं वाटलं मला. तिने मान हलवली आणि त्याच शब्दाखाली रेघ ओढली.

ऑरेस्ट, माझ्या पोटच्या मुलाने हे केलं. कारखान्यात माझा डबा घेऊन यायचा तो. तू त्याला रेझिनच्या बादलीपासून लांब पिटाळायचास. असं पहिल्यांदा झालेलं नाही हे मला नंतर कळलं. एकदा बरगडी, एकदा मनगट. दर वेळी ती बर्फावर घसरली होती.

तिची ओंटारिओत मावशी नाही. ती अफवा आम्हीच सोडली. घरात राहिलो असतो तर त्याने तिला गाठलं असतं. नंतर तो आलाच, भाडेकरूंना विचारून गेला. म्हणून हे तळं, हे अंडं. हिवाळ्यात इथे कुणी येत नाही.

फोम तिनेच चिकटवला. माझी बोटं आता वळत नाहीत. कोपऱ्यात जिथे छताची दुहेरी बाकदार वळणं येतात तिथे पाकळ्या कापून बसवायची युक्ती तिचीच. मी म्हटलं, तू आमच्या कारखान्यात असतीस तर ऑरेस्टची नोकरी गेली असती. रात्री मी घोरतो असं तिचं म्हणणं आहे, म्हणून पडदा. पडद्याने काय घोरणं अडतं? पण तिला पडद्यामागे झोप लागते, आधी लागत नव्हती.

उन्हाळ्यापर्यंत ती पुरती बरी होईल. मग पश्चिमेकडे कुठेतरी काम बघू. कदाचित तुमच्याकडे फळबागेत. तेव्हा तुझी मदत लागेल.

तोपर्यंत कुणाला अवाक्षर बोलू नकोस. वॉरनला तर मी कुठे आहे हेसुद्धा नको. तुला वाटेल, बापाने असं लिहावं? मलाही वाटतं. लिहून झालंय.

कॉर्नी

ता. क. स्टेफा पैज हरली असेल, तिला सांग की सगळेच हरले.


पेंटिक्टन
१९ फेब्रुवारी १९८६, बुधवार

कॉर्नी,

तुझं पत्र आत्ता सकाळच्या टपालाने हातात पडलं. हे वाचतोस त्या घटकेला सामान उचल आणि तिला घेऊन निघ.

वॉरनचा रविवारी फोन आला होता. म्हणाला, बाबांचा ठावठिकाणा नाही, काळजी वाटते. मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं. तळ्याचं नाव, आणि तू एकटा नाहीस हेही.

मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून काय फरक पडतो ते मला या घडीला सुचत नाही.

दुकानाला फोन लावतोय. वाजतो आणि कुणी उचलत नाही. तुमच्याकडच्या पोलिसांना स्टेफाने फोन केला, त्यांनी नाव लिहून घेतलं, पण दुसरं काही सांगेनात. हे पत्र उशिरा पोहोचेल हे मला कळतं. तरी लिहितोय, हात रिकामा ठेववत नाही.

ऑरेस्ट


द्वारा पोस्ट, क्रेन लेक
८ मार्च १९८६

श्री. हनाटिक यांस,

मी ग्वेन टेव्स. आपण भेटलेलो नाही. तुमचं १९ तारखेचं पत्र बाबांच्या नावाने आलं, ते मी उघडलं. त्याच बुधवारी सकाळी बाबा गेले. तुम्हाला पोलिसांकडून एव्हाना कळलं असेल. कसं झालं ते माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

आदल्या दिवसापासून बाबांना ताप होता. खालच्या फळीवर पडून होते. सकाळी मी त्यांना ओटची पेज दिली, ती त्यांनी अर्धी टाकली आणि म्हणाले, "तुझ्या हाताला चव नाही, पोरी, पण सांगायची हिंमतही नाही." मी म्हटलं, "सांगितलंतच की." मग मी गोळ्या आणायला दुकानाकडे निघाले. चालत.

परत येताना वळणावर ट्रकचा आवाज आला. वॉरनचा ट्रक मला आवाजावरून कळतो. मागे आमचा ट्रेलर होता. विजेची तार तुटून मागे फरफटत होती. तो ट्रेलर इतका हलका आहे की एक माणूस उचलून हुकात अडकवू शकतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.

रस्त्याला एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला उतार आणि खाली तळं. लपायला जागा नव्हती. मी रस्त्याच्या कडेला उभी होते आणि त्याने मला पाहिलं. त्याचा चेहरा मला नीट दिसला. मी बाहेर कशी, हेच त्याला समजत नव्हतं. त्याने ब्रेक दाबला. रस्ता बर्फाने काचेसारखा झाला होता. ट्रक थांबला, ट्रेलर थांबला नाही. तो बाजूने फिरून पुढे आला, हुक सुटला आणि ट्रेलर उतारावरून गडगडत गेला.

मी खाली पोहोचले तेव्हा तो खडकांवर उलटा पडला होता. दाराच्या कडीत बाहेरून तार पिळून घातलेली होती. मला ती सोडवता येईना. छत एका बाजूला फुटलं होतं, तिथून आत गेले. बाबा कपाटाखाली होते. श्वास चालू होता, पण फार थोडा वेळ. मी त्यांना सांगितलं की मी बाहेर होते, मला काही झालेलं नाही. त्यांना ऐकू गेलं असं मला वाटतं. हातात हात होता, तो त्यांनी दाबला.

वॉरन वर ट्रकमध्येच बसून होता. दुकानवाले काका-काकू धावत आले, तरी तो बसूनच होता. तुमचा फोन वाजत होता तेव्हा ते आमच्याजवळ होते.

आता वॉरन पोलिसांना सांगतो की ट्रेलर रिकामा आहे असं त्याला वाटलं. बाबांनी न विचारता नेलेला घरचा ट्रेलर परत न्यायला तो आला होता म्हणे. कडीला तार का, तर वाटेत दार उघडून आपटू नये म्हणून. त्याचा वकील म्हणतो की हा अपघात आहे आणि त्याला स्वतःचा बाप गमावल्याचं दुःख आहे. दुःख असेलही. दफनाच्या वेळी पोलिसांच्या मध्ये उभा राहून तो रडला. बायका माझ्याकडे पाहत होत्या.

तुमचं त्याच्याशी काय बोलणं झालं ते मला शब्दन् शब्द लिहा. राग काढायला विचारत नाही. मला माहीत हवं.

ग्वेन


पेंटिक्टन
१९ मार्च १९८६

ग्वेन,

तुला काय म्हणून हाक मारावी हे ठरवण्यात दोन दिवस गेले. शेवटी नुसतं नाव लिहिलं.

तू शब्दन् शब्द मागितलास. रविवार होता, जेवणं आटोपली होती. फोनवर तो म्हणाला, "ऑरेस्ट अंकल, ओळखलंत का? वॉरन." मला फार बरं वाटलं. मी कारखान्याच्या गोष्टी काढल्या. तो हसत होता. मग म्हणाला, बाबा कुणाशी बोलत नाहीत, आई गेल्यापासून डोकं फिरल्यासारखं झालंय, कुठे थंडीत मरून पडतील. मी म्हटलं, अरे, ते क्रेन लेकला मजेत आहेत, आपल्या अंड्यात.

 मला वाटलं, त्याला अजून काळजी वाटतेय. म्हणून मी म्हटलं, "काळजी करू नकोस, तुझा बाप एकटा नाही. तिथे दोन माणसांची वाफ आहे." आणि मी हसलो. ते पाण्याचं गणित मी त्याला समजावून सांगितलं. पडद्याचंही सांगितलं. माझ्या हुशारीचं मला कौतुक वाटत होतं, ग्वेन.

तो म्हणाला, "बाई आहे का?" मी म्हटलं, "पडदा आहे म्हणजे बाईच असणार."

मग त्याने विचारलं, "अंकल, त्या ट्रेलरला मागून बाहेर पडायला वाट आहे का?" मी म्हटलं, "नाही रे, एकच दार. खिडक्यांतून मांजर जाईल फार तर." तो म्हणाला, "आणि दार बाहेरून बंद होतं का?" मी म्हटलं, "कडी आहे, कुलूप घाल नाहीतर तार." मला वाटलं, वाऱ्याने दार उघडत असेल बापाच्या, त्याची चौकशी करतोय. आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की मी थांबत नाही, स्टेफा नेहमी सांगते. त्याने आभार मानले. स्टेफालाही नमस्कार सांगितला.

हे सगळं मी पोलिसांना फोनवर सांगितलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं की पत्ता दिला का, आणि मी हो म्हटलं. दाराचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्टेफालाही नाही. आज सकाळी तिला सांगितलं. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि अजून बाहेर आलेली नाही.

तुझं पत्र वाचून मला कळलं की हेच सांगायला हवं. ट्रेलर रिकामा आहे असं समजणारा माणूस बाहेर पडायच्या वाटा विचारत नाही. मी उद्या इथल्या पोलिसांकडे जाऊन लिहून देतो. खटल्याला मी स्वतः येईन. डॉक्टर नको म्हणतात, डोंगर ओलांडून बसने दोन दिवसांचा प्रवास माझी छाती काढणार नाही म्हणतात. काढेल. मी घरात बसून मेलो तर त्याचे ते प्रश्न माझ्याबरोबर जातील आणि तो सुटेल.

तुला राहायला जागा हवी असेल तर आमच्याकडे खोली आहे. हे लिहायचा मला हक्क आहे की नाही कळत नाही. खोली मात्र आहे.

ऑरेस्ट हनाटिक


पेंटिक्टन
६ ऑक्टोबर १९८६

ग्वेन,

सरकारी वकीलबाईंकडून खटल्याची तारीख कळली. मी डॉफिनला, कोर्टाच्या गावी, चौदा तारखेला पोहोचतो. स्टेफा बरोबर येते आहे, ऑक्सिजनची नळी तिच्या ताब्यात. कोर्टात तू माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. मी तुला ओळखणारही नाही, तुझा फोटो मी पाहिलेला नाही.

ऑरेस्ट


५ नोव्हेंबर १९८६

श्री. हनाटिक,

निकाल तुम्हाला वकीलबाईंनी कळवला असेलच. खुनाचा नाही, त्याखालच्या गुन्ह्याचा दोष ठरला. अकरा वर्षं. त्या म्हणतात, नीट वागला तर सात-आठ वर्षांत सुटेल. वॉरनला नीट वागता येतं. लोकांसमोर त्याला नेहमीच नीट वागता आलं.

तुम्ही मला ओळखलं नाहीत. मी दुसऱ्या रांगेत होते, करड्या कोटात. तुम्ही साक्षीला उभे राहिलात तेव्हा आधी मला तुमचा रागच आला. तुम्ही इतके बारीक, इतके म्हातारे असाल असं वाटलं नव्हतं. पत्रांतून तुम्ही मोठे वाटायचात.

त्याच्या वकिलाने कवचाचा तुकडा आणून तुमच्यासमोर ठेवला आणि विचारलं, हा जोड जुना, कमकुवत होता, म्हणून ट्रेलर फुटला, हे खरं का? तुम्ही तो हातात घेऊन इतका वेळ बघत राहिलात की न्यायाधीशांनी विचारलं, बसायचं आहे का? तुम्ही म्हणालात, "जोड शाबूत आहे. फुटलंय ते छत. कपाटांवर उभं होतं, आणि कपाटं खाली आली." त्यानंतर बाहेर पडायच्या वाटांचं सांगितलंत, जसं मला लिहिलं होतंत तसंच. वॉरनने तेव्हा पहिल्यांदा मान खाली घातली.

मग वकिलाने प्रश्न संपले म्हणून सांगितलं आणि तुम्ही खाली उतरायला हवं होतं. तुम्ही उतरला नाहीत. म्हणालात, "मी त्याला हे सांगताना हसत होतो, तेही लिहून घ्या." कुणी विचारलं नव्हतं. स्टेनो बाई न्यायाधीशांकडे बघायला लागली. त्यांनी लिहून घ्या म्हणून खूण केली.

ते मी ऐकलं. एवढं तुम्हाला कळावं.

तुम्हाला माफ केलं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, त्याबद्दल आभारी आहे. मला माहीत नाही. कधी वाटतं, तुम्ही काय केलंत, मित्राच्या मुलाशी दोन शब्द बोललात. कधी बाबांचा हात आठवतो आणि तुमचं नाव घ्यावंसं वाटत नाही. एकाच दिवसात दोन्ही होतं. बाबा असते तर त्यांनी तुम्हाला शिव्या घातल्या असत्या आणि पुढच्या ओळीत काहीतरी विचारलं असतं. तुमची पत्रं त्यांनी मला वाचून दाखवलेली आहेत. तुम्ही दोघं मला आवडायचात.

ट्रेलरचं काय करायचं म्हणून पोलिसांनी विचारलं. मी म्हटलं, मोडून टाका. ते म्हणाले, फायबर जाळू देत नाहीत, ते कुजतही नाही, पुरावंच लागेल. मग पुरा म्हटलं. एक कपाटाचं दार तेवढं मागून घेतलं. बर्चचं आहे, बाबांनी कोपरे हाताने गोल केलेले. ते मी तुम्हाला पाठवणार होते. पाठवणार नाही. माझ्याकडे राहू दे.

तुमच्या खोलीबद्दल. कोर्टाबाहेर मी स्टेफाबाईंना ओळख दिली, तेव्हा त्यांनी माझा हात धरून परत विचारलं. त्या भल्या बाई आहेत. पण मी येणार नाही. मला काम मिळालंय, राहायला जागा मिळालीय. कुठे ते लिहीत नाही. हे पत्र टाकायला मी बसने दुसऱ्या गावी जाणार आहे, म्हणजे शिक्क्यावरूनही कळायचं नाही. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. तुम्ही आता कुणाला एक शब्द सांगणार नाही, मला ठाऊक आहे. पण बाबांनीही तळ्याचं नाव फक्त एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तो माणूस चांगला होता.

तो सुटेल तेव्हा तुमच्याकडे फोन करेल. पहिला फोन तुम्हालाच करेल. तेव्हा तुम्हाला खरोखरच काही माहीत नसावं, असं मला वाटतं.

छातीची काळजी घ्या. उत्तर लिहू नका.

ग्वेन